आधी नोकरीची जागा, मग क्लास: तालुक्यातल्या पोरांसाठी ट्रेनिंग कसं उभं करायचं, खान्देशातला अनुभव

आमची पहिली बॅच होती ३० पोरांची, कोर्स डाटा एन्ट्रीचा. डाटा एन्ट्रीच का, तर कॉम्प्युटर होते आणि शिकवणारा मोकळा होता, बाकी काही कारण नाही. तीन महिने क्लास चालला, शेवटी सर्टिफिकेट वाटप, पाहुणे, शाली, फोटो, सगळं झालं. सहा महिन्यांनी मी एकेकाला फोन लावत बसलो तर निम्म्यांचे नंबर बंद आणि उरलेल्यांपैकी बहुतेक सुरतला. एका पोराच्या बापाने फोन उचलला आणि म्हणाला, "मन्हा पोऱ्या सुरतले शे, कापडना कारखानामा." मी विचारलं कॉम्प्युटरचं काम मिळालं का, तर तो हसला फक्त. ते हसणं मला अजून ऐकू येतं. चूक पोरांची नव्हती, आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली होती.

तेव्हापासून जे शिकलो ते इथे लिहितोय. तुम्ही संस्था चालवत असाल, कॉलेजात प्लेसमेंट बघत असाल, ग्रामपंचायतीत असाल किंवा एमआयडीसीत तुमचा छोटा कारखाना असेल आणि टिकणारी माणसं मिळत नसतील, तर उपयोगी पडेल.

आधी कारखान्यात जा, फॉर्म पाठवू नका

पहिली गोष्ट, गूगल फॉर्म बनवून मालकांना पाठवायचा नाही. आम्ही पाठवला होता, ४० जणांना, भरून आले ३, आणि त्यातल्या एकाने "कुशल मनुष्यबळाची आवश्यकता आहे" एवढं एकच वाक्य लिहिलं होतं. त्याचं करायचं काय? गाडी काढायची आणि जायचं. जळगाव एमआयडीसीत दाळ मिल, चटईचे कारखाने, पाईपवाले, धुळ्यात अवधानची एमआयडीसी, पुढे नरडाण्याची, शिरपूरला कापड, रावेर-यावल पट्ट्यात केळीचे पॅकहाऊस, साक्रीच्या बाजूला पवनचक्क्या आणि सोलर, भुसावळला रेल्वे आणि दीपनगरचं वीज केंद्र. एका दिवसात चार ठिकाणं होतात, जास्त नाही, कारण मालक चहा पाजल्याशिवाय सोडत नाही आणि खरी माहिती चहाच्या दुसऱ्या कपानंतरच निघते.

तुम्हाला कसली माणसं हवीत हे मालकाला विचारायचं नाही. त्याला तो "चांगली पोरं द्या" एवढंच उत्तर देतो. विचारायचं असं: गेल्या सहा महिन्यांत कोणाला घेतलं, त्यातले किती सोडून गेले आणि कितव्या दिवशी गेले? माणूस नाही म्हणून कोणतं मशीन बंद पडून असतं? पहिल्या महिन्याला हातात किती देता? आणि रात्रपाळीला माणूस घरून येतो कसा?

या शेवटच्या प्रश्नावर अर्धी गोष्ट उलगडते. एका दाळ मिलमध्ये मालक म्हणाला, लोकल पोरं टिकत नाहीत, आळशी आहेत, म्हणून बाहेरच्या राज्यातले मजूर ठेवतो. नीट विचारल्यावर कळलं की पाळी सुटते रात्री ११ ला आणि गावाकडे जाणारी शेवटची बस त्याच्या खूप आधी निघून जाते. बाहेरचा मजूर तिथेच खोलीत राहतो म्हणून टिकतो. आता सांगा, यात आळस कुठे आला भो?

असं १५-२० ठिकाणी फिरलात की कामांची खरी नावं सापडतात, आणि ती कोर्सच्या यादीतल्या नावांपेक्षा वेगळी निघतात. दाळ मिलला सॉर्टेक्स चालवणारा हवा असतो. हे मशीन कॅमेऱ्याने दाणा बघतं आणि खराब दाणा हवेच्या फुंकरीने उडवतं, त्यामुळे कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी गेलं की सगळा माल बिघडतो. म्हणजे त्या पोराला कॉम्प्युटरपेक्षा एअर फिल्टर आणि ड्रायर समजला पाहिजे. पाईपच्या कारखान्यात एक्स्ट्रूडरवर, म्हणजे प्लास्टिक वितळवून पाईप काढणाऱ्या मशीनवर, तापमान बघणारा आणि व्हर्नियरने पाईपची जाडी मोजता येणारा हवा. केळीच्या पॅकहाऊसला घडाच्या फण्या न खरचटता वेगळ्या करणारी, तुरटीच्या पाण्यात चीक धुणारी, ग्रेडिंग करून १३ किलोचा बॉक्स भरणारी माणसं लागतात, आणि एक्सपोर्टच्या मालाला ओरखडा चालत नाही, म्हणून त्या हातांना किंमत आहे.

सोलर पंपाचं तर वेगळंच. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकरी १० टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर ५ टक्के, आणि पंप बसवणाऱ्या कंपनीवर पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी असते. पंप बसतात गावोगावी आणि कंपनीचा मेकॅनिक असतो लांब शहरात. कंट्रोलर बंद पडला की शेतकरी आठ आठ दिवस फोन करत बसतो. म्हणजे प्रत्येक तालुक्यात दोन-तीन पोरांचं काम आजच उभं आहे, फक्त कंपनीला ते पोरगं माहीत नाही आणि पोराला कंपनी.

मग कागद करा, पण फोटोचा नाही

एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, नावाची वस्तू आपल्याकडे फार स्वस्त झाली आहे. दोन पानं, चार सह्या, पेपरात बातमी, आणि त्यात "परस्पर सहकार्य करतील" याच्या पलीकडे काही नसतं. माझं म्हणणं, एकच पान करा पण त्यात आकडे टाका. कोणत्या महिन्यात किती जागा, कोणत्या कामाच्या, पहिल्या महिन्याला हातात किती, सहा महिन्यांनी किती. कारखान्याचा कोणता मिस्त्री आठवड्यात किती तास शिकवणार आणि त्याला त्याचे पैसे कोण देणार. पोरांना मशीन कधी मिळणार, चालू पाळीत की सुट्टीच्या दिवशी. इजा झाली तर विमा कोणाचा. आणि बसचं काय. मालक यावर सही करायला कचरला तर समजून जा की जागा खरी नाही, तिथे वेळ घालवू नका. आमच्याकडे सातपैकी तिघांनी सही केली, आणि त्या तिघांच्याच जोरावर दुसरी बॅच उभी राहिली.

कायद्याने मिळणारा सगळ्यात सरळ रस्ता अप्रेंटिसशिपचा, म्हणजे स्टायपेंड घेत कारखान्यातच काम शिकण्याचा आहे, आणि छोट्या मालकांना तो माहीतच नसतो. कायदा १९६१ चा. ज्या ठिकाणी ३० किंवा जास्त माणसं आहेत तिथे मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, आणि ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. म्हणजे तुमच्या गावातलं १० माणसांचं वर्कशॉपसुद्धा घेऊ शकतं! २०१६ पासूनच्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत ठरलेल्या किमान स्टायपेंडचा २५ टक्के भाग, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतं आणि तो आता थेट पोराच्या खात्यात जातो. मालकाला पोर्टलवर नोंदणी आणि करार ऑनलाइन करावा लागतो, आणि नेमका तिथेच तो अडतो, कारण त्याच्याकडे हे बसून करणारा कोणी नसतो. ते काम तुम्ही करून द्या. खरं सांगतो, आमची आणि कारखान्यांची दोस्ती भाषणांनी झाली नाही, त्यांचे फॉर्म भरून दिल्याने झाली.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ला आली, त्यात बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठरलं. पैसे चांगले आहेत, पण ते ठराविक महिन्यांसाठी आहेत आणि पुढे जागेची हमी नाही. त्यामुळे ऑफिसात फाईली उचलायला पोरगं पाठवण्यापेक्षा मशीन असलेल्या ठिकाणी पाठवा, म्हणजे मुदत संपली तरी हातात काहीतरी राहील.

जवळची आयटीआय सोडून काही करू नका. आयटीआयमध्ये ड्युअल पद्धतीचं ट्रेनिंग आहे, त्यात कोर्सचे काही महिने पोरगं कारखान्यात शिकतं, त्यासाठी आयटीआय आणि कारखाना यांच्यात करार लागतो. प्रिन्सिपलांना भेटा, बऱ्याचदा त्यांनाही हे करायचं असतं पण कारखाना शोधत फिरायला त्यांच्याकडे माणूस नसतो. जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात पण एक चक्कर मारा, कोणत्या योजनेत यंदा खरंच टार्गेट शिल्लक आहे ते तिथेच कळतं. ज्याला नोकरीपेक्षा स्वतःचा धंदा करायचा आहे त्याला बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत पाठवा, निवासी ट्रेनिंग फुकट असतं आणि नंतर कर्जाच्या कागदाला मदत होते.

कंपन्यांच्या सीएसआरबद्दल, म्हणजे समाजासाठी करायच्या खर्चाबद्दल, एक सूचना. २०१३ च्या कायद्याने ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात, पण स्वतःच्याच कामगारांना शिकवलेलं त्यात धरत नाहीत. म्हणून प्रस्ताव देताना "तुमच्या स्टाफला ट्रेन करतो" असं लिहिलं की फाईल तिथेच मरते. तालुक्यातल्या पोरांचं ट्रेनिंग म्हणून मांडा, आणि एकदम मोठी रक्कम मागण्यापेक्षा एक जुनं चालू मशीन मागा. ते लवकर मिळतं.

कॅलेंडर बघून बॅच लावा

हे कोणत्याच गाईडलाइनमध्ये नसतं आणि खान्देशात बॅच बुडते ती इथेच. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, वर्ग भरणार नाही, हे लिहून ठेवा. श्रावणात कानबाईच्या सणाला सुरतची माणसं गावी येतात, पोरं पण चार दिवस गायब. दसरा-दिवाळीपासून कापूस वेचणी आणि जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणं) सुरू होतं, तेव्हा घरचे म्हणतात आधी मजुरी, क्लास नंतर. म्हणून जिनिंगसाठी माणसं तयार करायची तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करा, म्हणजे सीझन लागला की थेट कामावर.

नंदुरबारच्या वरच्या भागात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, गणित पुन्हा वेगळं. तिथली कुटुंबं ऊसतोडीला आणि गुजरातला जातात आणि होळीला घरी येतात. नावनोंदणी करायची तर होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारात जाऊन बसा, एका दिवसात जेवढी पोरं भेटतील तेवढी महिनाभर पाडे फिरून भेटणार नाहीत. वर्ग मात्र पेरणी आटोपल्यावर ते दिवाळीच्या आत.

टेक्नॉलॉजी: जेवढी लागते तेवढीच

मला कोणी विचारलं की स्मार्ट बोर्ड घेऊ का, व्हीआर घेऊ का, वेल्डिंगचा सिम्युलेटर घेऊ का, तर मी आधी विचारतो की तुझ्याकडे पोरांची एक धड शीट आहे का. बहुतेक वेळा नसते. गूगल शीटमध्ये एक ओळ म्हणजे एक पोरगं: नाव आधारप्रमाणे, नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणे (हे दोन वेगळे असणार, आत्ताच सांगतो), गाव, बसस्टॉप, स्वतःचा नंबर, घरातला दुसरा नंबर, बँक खातं आधारशी जोडलंय का, कोणत्या कामाला गेला, कधी लागला, आज आहे का. बस. ही शीट आमच्या सगळ्या ट्रेनिंगचा कणा आहे, आणि फुकट आहे.

आधारचं लिंकिंग हलक्यात घेऊ नका. स्टायपेंड थेट खात्यात येतो म्हणजे ज्या खात्याला आधार जोडलेलं आहे त्या खात्यात येतो, आणि पोराला ते खातं कोणतं हेच माहीत नसतं, कधीतरी शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं असतं आणि बंद पडलेलं असतं. त्यात जुना मोबाईल नंबर म्हणजे ओटीपी येत नाही. पहिल्या आठवड्यात एक पूर्ण दिवस फक्त कागदांसाठी ठेवा: आधारला चालू नंबर, खातं, नावातली दुरुस्ती. आमच्या एका पोराने पैसे दोन महिने आले नाहीत म्हणून काम सोडलं, पैसे आले होते, दुसऱ्या बँकेत पडून होते.

मग व्हिडिओ. बाजारातले इंग्रजी-हिंदी व्हिडिओ दाखवून पोरं झोपतात. कारखान्याची परवानगी घ्या, मोबाईल उभा करा आणि त्याच मशीनवर, त्याच मिस्त्रीकडून, दोन-तीन मिनिटांचे तुकडे शूट करा, एका व्हिडिओत एकच गोष्ट. फिल्टर कसा साफ करायचा. हीटर बँड गेला हे कसं ओळखायचं. इमर्जन्सी बटण कुठे आहे. आणि आवाज अहिराणीत ठेवा, वरच्या भागासाठी भिली किंवा पावरीत. सुरुवातीला आमच्या एका मास्तरांना ते गावठी वाटलं, पण ज्या दिवशी एका पोराने व्हिडिओ बघून घरी बहिणीला फिल्टर समजावून सांगितला त्या दिवसापासून ते स्वतः अहिराणीत रेकॉर्ड करायला लागले.

व्हिडिओ लहान ठेवायचे कारण पोरांच्या मोबाईलमध्ये जागा नसते, डाटा संपलेला असतो आणि सातपुड्यात कितीतरी पाड्यांवर रेंजच नाही. तिथे मेमरी कार्ड द्या, किंवा सोमवारी सेंटरवर आल्यावर ब्लूटूथने टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप करू नका, ब्रॉडकास्ट करा. ग्रुपवर दोन दिवसांत गुड मॉर्निंग आणि रील सुरू होतात, कामाचा मेसेज वर निघून जातो आणि पोरी तर ग्रुप सोडूनच देतात. थिअरी वाचायची असेल तर भारत स्किल्स पोर्टलवर आयटीआयच्या ट्रेडचं साहित्य आणि प्रश्नसंच फुकट आहेत, स्किल इंडिया डिजिटल हबवर छोटे कोर्स आहेत, ते वापरा, उगाच नवीन ॲप बनवायला कोणाला पैसे देऊ नका. आम्ही दिले होते. ॲप अजून प्ले स्टोअरवर असेल, मी शोधलं नाही.

सिम्युलेटर वाईट आहे असं नाही, रॉड आणि गॅस वाचतो, हात बसतो. पण तो आयटीआयने किंवा चार कारखान्यांनी मिळून घ्यावा, एका संस्थेने कर्ज काढून नाही.

पोरींचं

यासाठी वेगळी योजना नाही लागत, तीन गोष्टी बघा. कारखान्यात संडास आहे का आणि त्याला कडी आहे का. पाळी सुटल्यावर बस आहे का. आणि आईने कारखाना बघितलाय का. आम्ही पॅकहाऊसच्या बॅचला आधी १२ आयांना घेऊन गेलो, एसटीने, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे त्यामुळे खर्च पण कमी आला. त्यांनी पाण्याच्या टाक्या बघितल्या, काम करणाऱ्या बायकांशी बोलल्या, सुपरवायझरचा नंबर घेतला. १२ पैकी १० जणींनी पोरी पाठवल्या. एवढ्या प्रवासाने जे झालं ते दहा समुपदेशनाच्या सेशननी झालं नसतं.

लागल्यानंतरचे ९० दिवस

सर्टिफिकेट वाटलं की बहुतेक जण शीट बंद करतात, आणि पोरं सुटतात ती याच दिवसांत. आमचा नियम असा, तिसऱ्या दिवशी फोन, दहाव्या दिवशी, पहिल्या पगाराच्या दुसऱ्या दिवशी, आणि मग ९० व्या दिवशी. तिसऱ्या दिवशीच्या फोनला पोरगं सांगतं की जेवायला कुठे बसायचं माहीत नाही, दहाव्याला सांगतं की सुपरवायझर ओरडतो, आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी सांगतं की ठरलेल्यापेक्षा कमी आले. या तिसऱ्या तक्रारीत कधी कधी मालकाची चूक असते आणि कधी पीएफ कापलेला असतो, पोराला ते कोणी सांगितलेलं नसतं (अप्रेंटिसला पीएफ लागत नाही, कामगार म्हणून घेतलं की लागतो, हा फरक आधीच वर्गात समजवा). तुम्ही मध्ये पडून एक फोन मालकाला केला तर दहापैकी सात वेळा मिटतं. फोन करायला त्याच बॅचची एखादी पोरगी ठेवा, पैसे देऊन, पोरं तिच्याशी खरं बोलतात.

आणि देणगीदाराला रिपोर्ट देताना "इतक्यांना प्रशिक्षण दिले" हा आकडा शेवटी लिहा. वर लिहा सहा महिन्यांनी कामावर किती आहेत. पहिल्या वर्षी तो आकडा लाजिरवाणा येईल. येऊ द्या, आमचा आला होता.

सुरतहून परत आलेले

शेवटचं, आणि मला सगळ्यात जवळचं. सुरतच्या उधना-लिंबायतला दहा-बारा वर्षं काढून आलेले किती तरी जण आपल्या गावांत आहेत, आईबापासाठी परतलेले किंवा तब्येतीने. त्यांना मशीन येतं, कागद नाही. त्यांच्यासाठी पूर्व कौशल्याला मान्यता देणारी पद्धत आहे, आरपीएल म्हणतात, छोटं ओरिएंटेशन आणि परीक्षा होऊन सर्टिफिकेट मिळतं. ज्या योजनेत ते चालू असेल तिथे त्यांची नावं टाका. पण त्याआधी त्यांना वर्गात बोलवा. वर ज्या बापाचं सांगितलं त्याचा पोरगा दोन वर्षांपूर्वी परत आला. डाटा एन्ट्रीचं सर्टिफिकेट घरात फ्रेम करून लावलेलं आहे, आणि हात मात्र मेकॅनिकचा झाला आहे. आता तो एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, दर रविवारी सकाळी आमच्याकडे येऊन कॉम्प्रेसर उघडतो, पोरांना शिव्या घालत अहिराणीत शिकवतो, आणि आम्ही त्याला तासाचे पैसे आणि वर पेट्रोल देतो.